माझा नंबर गेला

निघोज्याच्या आमच्या कंपनीत शॉप फ्लोअरवर पाऊल टाकायचं तर सेफ्टी गॉगल लागतो. माझ्या डोळ्यांवर आधीच मायनस साडेसहाचा चष्मा. म्हणजे चष्म्यावर चष्मा आणि दोन्हींच्या मध्ये वाफ. (त्या वाफेवर अंडं उकडलं असतं, पण अंडं दिसायला हवं ना!) तेव्हा एका शुक्रवारी जेवताना मी सहज म्हणालो, "उद्या सुट्टी आहे. लेझर करून नंबर घालवून टाकतो."

पोळी वाढता वाढता बायकोचा, म्हणजे स्वरूपाचा, हात थांबला.

"तुम्ही? दाढ काढायला गेलात आणि नवा ब्रश घेऊन परत आलात, ते तुम्हीच ना?"

शेजारचे दत्तोबा नेमके पेपर मागायला आले होते. दत्तोबा म्हणजे रहाटणीचे मूळ गाववाले. सल्ला देणं हा त्यांचा वडिलोपार्जित हक्क.

"लेझर म्हंजी मिरवणुकीत डीजेवाले मारत्यात त्येच का? आवो, त्येनं डोळं जात्यात, येत न्हाईत!"

दोघंही पोट धरून हसले. झालं! आता प्रश्न डोळ्यांचा राहिला नाही, इज्जतीचा झाला. (भीती? छे! रात्रभर झोप लागली नाही ती उकाड्यामुळं. डिसेंबरात आमच्याकडं फार उकडतं.)

सकाळी एकटाच पिंपळे सौदागरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं टोकन दिलं. सिस्टरनं एका मशीनवर हनुवटी टेकवायला लावली. आत लाल दिवा लुकलुकला. मग डोळ्यांत थेंब घातले.

"काही तास अंधुक दिसेल. डोळे मिटून बसा, डॉक्टर बोलावतील."

मी चष्मा खिशात ठेवला, डोळे मिटले आणि रात्रीची थकबाकी वसूल करत गाढ झोपलो. जाग आली तसा धडपडत काउंटरवर गेलो.

"अहो काका, तुमचा नंबर गेला!" ती मुलगी म्हणाली.

"गेला?"

"केव्हाच!"

"मला कळलंसुद्धा नाही!"

"झोपल्यावर कसं कळणार?"

"पण... परत येईल का हो?"

"येईल ना. पण आता एकदम शेवटी."

एकदम शेवटी! म्हणजे पार म्हातारपणी. तेव्हा बघण्यासारखं उरणार तरी काय? म्हणजे तो लाल दिवा हाच लेझर होता तर! मी हात जोडून मुलीचे आभार मानले. ती गोंधळली असेल, तर ते मला दिसलं नाही. (पैसे कोणी मागितले नाहीत. कंपनीचा मेडिक्लेम प्रथमच कामाला आला, अशी मी समजूत करून घेतली.) सगळं धूसर दिसत होतं, पण ते थेंबांमुळं. रिक्षा करून घरी आलो आणि दारातच ओरडलो, "स्वरूपा, नंबर गेला!"

"व्हय का? ब्येस झालं," स्वरूपा म्हणाली. "पर म्या दत्तोबा. स्वरूपाताई आत हायेत."

स्वरूपाही धावत आली. मग मी खुर्चीत बसून सुरुवात केली. "भूल देत होते, मी म्हटलं नको. कंपनीत लेझरनं पत्रे कापताना रोज बघतो, म्हटलं. डोळ्यांतून अशा ठिणग्या उडाल्या! डॉक्टरीणबाई घाबरल्या, तर मीच त्यांना धीर दिला."

"आरं तिच्या! वास आला आसंल?"

"जळका. पण मी हललो नाही."

"अहो, मी उगाच हसले तुम्हाला," स्वरूपाचा आवाज भरून आला. "साजूक तुपातला शिरा करते." असला आवाज लग्नानंतर मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

रवा भाजल्याचा वास सुटला आणि माझा फोन वाजला. स्क्रीनवरचं काही दिसेना.

"स्पीकरवर टाक गं," मी समोरच्या धूसर आकृतीला रुबाबात म्हटलं. दत्तोबांनी टाकला.

"काका, कुठं गेलात? तुमचा नंबर गेला म्हणून शेवटी लावला होता ना! डॉक्टर खोळंबल्यात. त्यांनी अजून तुम्हाला बघितलंसुद्धा नाही!"

मी घाईघाईनं फोन चाचपडू लागलो.

"आन् मग," दत्तोबांनी विचारलं, "त्यो जळका वास कशाचा वो?"

आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. शिरा रव्यावरच राहिला.

स्वरूपानं दंडाला धरून मला परत नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मशीनचा रिपोर्ट पाहिला आणि मान हलवली. "बुबुळावरचा पडदा फार पातळ आहे. लेझर नाही करता येणार."

मनात मी पेढे वाटले. तोंड मात्र शक्य तितकं पाडलं. बायको बघत होती ना! "अरेरे! डॉक्टर, मी तर जिवावर उदार होऊन आलोय. कसंही करा, पण करा!"

"एवढी तयारी आहे?" बाई खूश झाल्या. "मग उपाय आहे की! डोळ्याला बारीक छेद द्यायचा आणि आत कायमची लेन्स बसवायची. पेशंट पूर्ण जागा असतो."

पुढचं मला फक्त ऐकून माहीत आहे. मी म्हणे एकही शब्द न बोलता, अतिशय सावकाश, खुर्चीवरून जमिनीवर आलो. शुद्धीवर आलो तेव्हा सिस्टर तोंडावर पाणी मारत होती आणि स्वरूपा शांतपणे विचारत होती,

"डॉक्टर, नुसत्या तयारीत हे असं झालंय. ऑपरेशनला धरायला माणसं किती आणू?"