शिसपेन्सिलीचा दांडा

दांडा पारखावा तर तो झरीच्या धोंडप्पांनीच! हे मत खुद्द धोंडप्पांचं होतं, पण ते इतक्या मोठ्यानं सांगायचे की अख्ख्या गावाचं तेच मत असावं असं वाटायचं. स्टँडसमोर त्यांचं दुकान. कुऱ्हाडीचे दांडे, कुदळीचे दांडे, टिकावाचे दांडे. बाभळीचे, बोरीचे, हिवराचे. गिऱ्हाइकानं हात लावायच्या आधी धोंडप्पा दांडा गुडघ्यावर वाकवणार, जमिनीवर आपटून कानाला लावणार आणि मग जाहीर करणार, "ने! तुजा नातूबी वापरंल!"

अशा माणसाचा एकुलता एक लेक चन्नबसप्पा शिकून अमेरिकेला गेला, आणि तिथं करतो काय? तर दांडे! गोल्फ नावाचा खेळ असतो म्हणे, त्याच्या काठ्यांचे दांडे. हे कळलं त्या दिवशी धोंडप्पांनी गावाला पेढे वाटले. "बगा! समुद्र वलांडला तरी रक्त जायचं कुटं?"

लेक गेल्यापासून घर खायला उठतं, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी परभणीची एसटी आली की दुकानाच्या फळीवर उभे राहून उतरणारी माणसं निरखायचे. कुणी विचारलंच तर "गिऱ्हाईक बगायलोय" म्हणायचे. त्यांची बायको नीलम्मा यावर कधी बोलली नाही, कारण बरोबर त्याच वेळी चहा घेऊन तीही दुकानात यायची.

आणि सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात त्या गाडीतून चन्नू खरंच उतरला! कितीतरी वर्षांनी. कानशिलावर पांढरे केस, खांद्याला ही लांबलचक पिशवी. धोंडप्पांना धावत जावं, पोराला पोटाशी धरावं, रडावं असं वाटलं. पण धोंडप्पाच ते! खाकरले आणि म्हणाले,

"आलास? मग जायचं कवा?"

चन्नूनं उतरवायला घेतलेली पिशवी परत खांद्याला लावली. "आठ दिवसांनी, आप्पा. हैद्राबादला जाऊन तिकडूनच परत."

आठ दिवसांनी! म्हणजे ऐन येळवशीच्या आदल्या दिवशी! नीलम्माच्या हातातला चहा तिथंच निवला. ती माहेरची उदगीरकडची. झरीतल्या बाकीच्यांना मार्गशीर्षातली ती अमावस्या नुसती अमावस्या असेल, पण नीलम्मानं लग्नात येताना रुखवताबरोबर येळवसही आणली होती. त्या दिवशी रानात कडब्याची खोप घालायची. पाच दगड चुन्यानं पांढरे करून खोपीत पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे पोट तट्ट होईस्तोवर खायचे. लहानपणी पांडवांना वाढायचं काम चन्नूचं असायचं. भीमाला तो सगळ्यांपेक्षा जास्त भज्जी वाढायचा.

"हैद्राबादला काय पुरून ठिवलंय?" रात्री जेवताना धोंडप्पांनी विचारलं.

चन्नूनं पिशवी उघडली. तीन काठ्या निघाल्या. टोकाला लोखंडी खूर आणि दांडे काळेकुळकुळीत. त्याची कंपनी म्हणजे एक शेड आणि पाचसहा माणसं. तिचं नाव तिकडंही कुणाला ठाऊक नव्हतं. ह्या तिन्हींतला कुठला दांडा चांगला, ते चेंडू मारून ठरवायचं होतं, आणि त्याला लागणारं मैदान हैद्राबादेत होतं.

"लाकूड न्हाई, लोखंड न्हाई. हाय कशाचा ह्यो?"

"ग्राफाइटचा, आप्पा. शिसपेन्सिलीत आसतंय ना काळं, तेच."

धोंडप्पांचा घास हातातच राहिला. "आरं, मग टोक मोडलं की तासत बसायचं का?"

सकाळी दुकानात शेजारचा मुंजाजी आला. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा वाकवतात तसा एक काळा दांडा गुडघ्यावर घालून दाबला. दांडा निमूट वाकला, मग सटकन सुटला आणि मुंजाजी मागच्या दोरखंडाच्या ढिगात जाऊन बसला. "मायला! जित्ता हाय ह्यो!"

धोंडप्पांनी तिन्ही दांडे आपटले, कानाला लावले, हुंगले. आणि एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाचणी इथंच लांबवली, तर पोरगं येळवशीला इथंच!

"हैद्राबाद कामून?" ते गरजले. "आपलं वड्याकडचं रान पडीकच हाय की! जे हैद्राबादला हाय ते झरीत करून दावतो!"

दोन दिवस त्यांनी स्वतः कुसळी उपटली, धोंडे वेचले. तिसऱ्या दिवशी निम्मं गाव बांधावर येऊन बसलं. चन्नूनं पहिला दांडा उगारला. सप्प! चेंडू उडाला. लोकांनी माना वर केल्या, मग पलीकडं वळवल्या. तो थेट बन्सीधरच्या वावरात गेला. आणि बन्सीधरच्या वावरात काय होतं? कापूस! बांधापासून बांधापर्यंत फुटलेला, पांढराशुभ्र कापूस!

आता पांढऱ्या कापसात पांढरा चेंडू हुडकायचा म्हणजे काय ते तुम्हीच बघा. वेचणाऱ्या बाया हुडकायला लागल्या, पोरंठोरं लागली, अख्खं वावर पालथं घातलं. दुसरा गेला, तिसरा गेला. बन्सीधर कपाळ धरून ओरडत आला, "धोंडप्पा, सेलूच्या जिनिंगात सरकीच्या जागी हे निगालं तर माज्या मालाला कोण इचारंल?"

धोंडप्पा मात्र खूश. एक चेंडू सापडेपर्यंत अर्धा दिवस जायचा. असे दोन दांडे बघून झाले. तिसरा राहिला, चेंडू पाच राहिले आणि चन्नूच्या जायचा दिवस उद्यावर आला.

"सकाळी तिसरा बगतो अन् निगतो," चन्नू म्हणाला.

दिवस कलताना धोंडप्पांनी हळूच ते पाच चेंडू धोतराच्या ओच्यात घातले आणि रानात जाऊन येळवशीसाठी घातलेल्या नव्या खोपीतल्या कडब्याखाली दडवले. चेंडू न्हाईत, तर चाचणी न्हाई. चाचणी न्हाई, तर जाणं न्हाई. हाय का न्हाई अक्कल?

सकाळी चन्नूनं पिशवी झटकून बघितली. चेंडू नाहीत. धोंडप्पा आभाळाकडं बघत दात कोरत होते.

"बरं," चन्नू म्हणाला. "चेंडू हैद्राबादला भेटतेत. इथं आता काय काम ऱ्हायलं? दुपारच्याच गाडीनं निगतो मग."

दात कोरायची काडी गळून पडली. धोंडप्पा चप्पल न घालता पळत सुटले, ते थेट खोपीत.

खोपीत उद्याची मांडामांड करत नीलम्मा होती, हाताखालची सरजाबाई होती आणि मधोमध पाटावर, हळदीकुंकू लावून, गळ्यात ज्वारीच्या पानाची माळ घालून, रांगेत बसले होते पाच चेंडू!

"आवो, कडबा सारताना घावले," नीलम्मा कौतुकानं म्हणाली. "परभणीहून आणले का? कसे गुळगुळीत हायत! चुना लावायची कटकट गेली."

"आगं, ते दे इकडं!"

"हात लावू नका! मांडलेले पांडव पूजा झाल्याबिगर हलवायचे न्हाईत!"

धोंडप्पा बाहेर आले. दोघी पाण्याला ओढ्याकडं गेल्या तसे त्यांनी पाच बरे दगड गोळा केले आणि रांगत खोपीत शिरले. धर्मराज उचलला, दगड ठेवला. भीम उचलला, दगड ठेवला. अर्जुनाला हात घालताना पाठ वरच्या कडब्याला लागली आणि सगळी खोप गदागदा हलायला लागली.

सरजाबाई घागर घेऊन परतत होती. तिनं किंकाळी फोडली. "डुक्कर! रानडुक्कर शिरलं गं माय खोपीत!"

नेमका त्याच वेळी चन्नू बापाला हुडकत बांधावर पोचला होता, हातात तिसरी काठी. सरजाबाईनं घागर टाकली, काठी हिसकली आणि खोपीच्या दारातून जे काही बाहेर दिसत होतं, त्यावर अंगातल्या सगळ्या ताकदीनं हाणली. सप्प!

"आयायायायाय!"

डुक्कर मराठीत बोंबललं तशी सरजाबाई गार पडली. धोंडप्पा मागं सरकत बाहेर आले. मिशीला हळद, टोपीत कडबा, एका हातात भीम आणि दुसरा हात मागं, लागलं त्या जागी.

"पांडव चोरायलाव?" नीलम्मा ओढ्याकडून ओरडत आली. "ह्या वयात?"

चन्नूनं बापाच्या हातातला चेंडू बघितला. कुंकवाखाली कंपनीचा शिक्का दिसत होता.

"म्याच दडवले," धोंडप्पा म्हणाले. आवाज पार उतरला होता. "तू जाऊ नये म्हनून दडवले. लय आठवण येती रं चन्नू. उद्याचा एक दिस ऱ्हा. भीमाला भज्जी वाढायला कोणी न्हाई."

चन्नू बांधावर मटकन बसला. मग हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

"आप्पा, मला महिनाभराची रजा हुती."

"महिना? मग आठ दिवस कामून म्हनलास?"

"एसटीतून पाय खाली ठिवला न ठिवला, तुमी इचारलंत, जायचं कवा. मला वाटलं तुमाला अडचण हाय. तोंडाला आलं ते बोललो, आन् मग परभणीला जाऊन इमानाचं तिकीटबी पालटून घेतलं."

नीलम्मानं एकदा नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यापेक्षा सरजाबाईचा तडाखा बरा होता.

चन्नू येळवशीला राहिला. हैद्राबादचं मैदान गेलं बोंबलत. त्यानं भीमाला ओंजळभर भज्जी वाढली, स्वतः त्याच्या दुप्पट खाल्ली. धोंडप्पांनी उभ्यानं जेवून घेतलं. "दांडा कसा वाटला?" असं चन्नूनं विचारल्यावर ते विचार करून म्हणाले, "पास! सरजाबाईच्या हाताला जरा हिसका बसला न्हाई. सगळा मलाच बसला." तेवढ्यावर तिसरा दांडा उत्तम ठरला, आणि तिकीट आता परत पालटत नसल्यानं चन्नू तो बापाजवळच ठेवून दुसऱ्या दिवशी गेला.

नंतर ती काठी दुकानात टांगलेली असायची. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. संध्याकाळची एसटी येऊन रिकामी झाली की धोंडप्पा काठी काढायचे, बिनचेंडवाचा एक फटका हवेत मारायचे आणि दुकान बंद करायचे.

चार वर्षांनी कळलं, चन्नू येतोय. त्या दिवशी धोंडप्पा सकाळपासून घोकत होते. "आलास? लय बरं केलास. आता निवांत ऱ्हा." नीलम्मानं दहादा म्हणवून घेतलं. मुंजाजीला समोर उभं करून तालीम झाली. गाडी आली. दार उघडलं. चन्नू उतरला, आणि ह्या खेपेला त्याच्या कडेवर धोंडप्पांचा पेंगुळलेला नातू होता. त्यांच्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. त्यांनी हात पसरले, खाकरले आणि म्हणाले,

"आलास? मग जायचं कवा?"