सर अजून आले नाहीत

पीएच.डी. पदरात पडली, विद्यापीठात नोकरी लागली आणि पहिल्याच सकाळी नव्या प्राध्यापकाला स्वतःची खोली मिळाली. दारावर अजून पाटी नव्हती. आत एक टेबल, टेबलापलीकडे फिरती खुर्ची आणि अलीकडे भेटायला येणाऱ्यांसाठी एक लाकडी खुर्ची. त्याने कुलूप काढलं, पंखा लावला, बॅग टेबलावर ठेवली आणि सवयीने लाकडी खुर्चीत बसला.

त्याला तरी बोल कसा लावणार? इतकी वर्षं आपल्या मार्गदर्शकांच्या खोलीत तो असाच तर बसत आला होता. समोरची खुर्ची रिकामी, सर मीटिंगला गेलेले आणि हा प्रबंधाचं तिसरं प्रकरण मांडीवर घेऊन बसलेला. पीएच.डी. करताना काय शिकलात असं कुणी विचारलं असतं, तर "वाट बघायला" असं त्याने मनापासून सांगितलं असतं.

दार वाजलं. एका मुलीने डोकं आत घातलं.

"सर आलेत का?"

"नाही, अजून आले नाहीत."

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला की सर म्हणजे आपणच. तोवर ती कोपऱ्यातलं स्टूल ओढून शेजारी बसलीसुद्धा होती.

"तुमचंही त्यांच्याकडेच काम आहे का?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"मी त्यांचा विषय सोडतेय. संभाव्यता. आज त्यांची परवानगी मिळाली की सुटले."

विभागप्रमुखांनी कालच बजावलं होतं, एक जरी विद्यार्थी कमी झाला तर यंदा हा विषय चालणार नाही, मग बसा कार्यालयात वेळापत्रकं आखत. ज्या विषयासाठी त्याने डोक्यावरचे निम्मे केस घालवले, तो आता या स्टुलावरच्या पोरीच्या हातात होता.

"का सोडतेस?" त्याने जमेल तितक्या सहज विचारलं.

"पुस्तक उघडलं की नुसती सूत्रंच सूत्रं. कळत काही नाही. त्यात नवे सर भयंकर हुशार आहेत म्हणे. हुशार माणसांना आपलं कुठे अडतं तेच समजत नाही."

"कसले हुशार! त्यांना स्वतःला दोन वर्षं काही कळत नव्हतं. वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन रडायचे."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"लहानपणापासून."

"कसे आहेत?"

"माणूस वाईट नाही. जरा घाबरट आहे."

तिने फोनमध्ये वेळ पाहिली. "तास सुरू व्हायची वेळ झाली की. थांबा, ग्रुपवर टाकते, सर आले नाहीत म्हणून."

"अगं, इतक्यात नको..."

पण तिने टाकलं होतं. बाहेर व्हरांड्यात आनंदाचा चीत्कार उठला आणि धावत्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. आयुष्यातला पहिला तास त्याने खुर्चीतून न हलता रद्द करून दाखवला होता.

"असं लगेच ठरवू नये," तो घाईघाईने म्हणाला. "सर येण्याची शक्यता किती वाटते तुला?"

"शून्य."

"शून्य कुठून काढलंस? काहीच माहीत नसेल तेव्हा अर्धी धर. मग आजूबाजूला बघ आणि जे दिसेल त्याप्रमाणे वर-खाली कर. अख्खी संभाव्यता एवढीच आहे. सूत्रं नुसती हिशेबाच्या सोयीसाठी."

ती सावरून बसली. "खोली उघडी होती. म्हणजे थोडी वाढली."

"शाबास."

"मी आले तेव्हा पंखा चालू होता. आणखी वाढली. ही बॅग तुमची?"

"सरांची," तो म्हणाला. तेही खरंच होतं.

"म्हणजे आलेत ते! तुम्ही कधीपासून बसलाय?"

"कुलूप काढल्यापासून."

"कुलूप कुणी काढलं?"

ती कपाळाला आठ्या घालून विचार करू लागली. त्याला भयंकर भीती वाटत होती आणि तितकाच अभिमानही. गाडी अगदी रुळावर होती, फक्त ती त्याच्याच अंगावर येत होती.

एवढ्यात बाहेरून विभागप्रमुखांचा आवाज आला, "पहिल्याच दिवशी दांडी? बघतोच फोन लावून!"

"तुमचा खिसा वाजतोय," मुलगी सावकाश म्हणाली.

त्याने फोन कानाला लावला. "कुठे आहात तुम्ही?" हा प्रश्न फोनमधून आणि दाराआडून एकदमच आला.

"खोलीतच आहे, सर."

दार उघडलं. विभागप्रमुखांनी आधी फिरत्या खुर्चीकडे पाहिलं, मग लाकडी खुर्चीकडे. "अहो, पोरं निघाली घरी! सर आले नाहीत असं सांगितलं कुणी त्यांना?"

"मी," दोघंही एकदम म्हणाले.

विभागप्रमुखांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आधी वर्ग भरवा," एवढंच म्हणून ते निघून गेले.

त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "सवयीने बोलून गेलो आणि मग खरं सांगायचा धीर झाला नाही. विषय सोडायचा असेल तर सोड. मी अडवणार नाही."

ती हसली नाही. "गच्चीवरचं खरं होतं?"

"खरं होतं."

"मग शेवटी कळलं कधी तुम्हाला?"

पदवी मिळाली तेव्हा, असं उत्तर जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"नीट कळलं ते आत्ता. तुला सांगताना."

मग फोन काढून तिने ग्रुपवर लिहिलं, 'सर आलेत. परत या.' स्टूल होतं तिथे ठेवलं आणि ती वर्गाकडे चालू लागली. सर तिच्या मागोमाग निघाले.