अकराची लाईन क्लिअर

आमच्या गल्लीत एका कॉम्प्युटरला लाल झेंडा लावलेला आहे. खरोखरचा झेंडा, रेल्वेतला, कडेची शिवण उसवलेला. रहांगडाले मास्तरांनी तो सीपीयूच्या डब्याला सुतळीने बांधून ठेवला आहे, आणि जोवर तो तिथे आहे तोवर त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. कामवाल्या बाईचा झाडू जरा जवळ गेला तरी मास्तर खुर्चीतून ओरडतात, "बाई, डेंजर आहे ना! दिसून नाही राहिलं का?" बाईने शॉकच्या भीतीने पहिले पंधरा दिवस ती खोली झाडलीच नाही.

मी कुडव्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकान पुढे, घर मागे, आणि मास्तरांचं घर बरोबर समोर. पन्नाशी आली तरी मला सगळे मुन्नाच म्हणतात. वीस वर्षं लोकांची यंत्रं उघडून पाहिल्यावर एकूण माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही. "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं," असं सांगणारा प्रत्येक जण खोटं बोलत असतो. आपण कुठलं बटण कधी दाबलं हे मिनिटासकट सांगणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे मास्तर.

याचं कारण त्यांची नोकरी. मास्तर म्हणजे स्टेशन मास्तर. सौंदडला आणि आसपासच्या लहान स्टेशनांवर त्यांची सगळी हयात गेली. तिथे जुनी रीत अशी की पुढच्या स्टेशनाकडे गाडी सोडायची तर आधी फोन करायचा, समोरच्याने निरोप शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, आपण 'करेक्ट' म्हणायचं, आणि मग लाईन क्लिअर. त्याशिवाय गाडी हलायची नाही. नोकरी संपली, पण रीत मास्तरांच्या अंगातून गेली नाही. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर आण म्हणून सांगितलं की लगेच, "रिपीट कर." तो बिचारा कॅन हातात धरून म्हणतो, "कल आधा लिटर." मास्तर म्हणतात, "करेक्ट," आणि दार लावून घेतात.

काकू होत्या तेव्हा त्यांच्यावरही हा प्रयोग चालायचा, पण त्या दाद देत नसत. मास्तर एकदा मला म्हणाले होते, "तिनं पुऱ्या जिंदगीत एकदाही रिपीट नाही केलं. म्हणे, मले ऐकू आलं ना, बस." काकू जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरात मास्तर आणि हा कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर मुलाचा. नितीन त्यांचा एकुलता एक, पुण्याला आयटी कंपनीत आहे. इंजिनिअरिंगला असताना त्याने तो घेतला आणि नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून मागे ठेवून गेला. त्याचा फोन यायचा दिवाळीला आणि मास्तरांच्या वाढदिवसाला, त्यातही वाढदिवसाला पुष्कळदा केकचं चित्रच यायचं. मास्तर त्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचे, नाहीतर कुठली गाडी कुठे पोचली ते बघत बसायचे. त्या गाड्यांमध्ये त्यांचं कुणीही नसायचं.

मग एका सकाळी तो सुरूच होईना. चालू केला की पडद्यावर यायचं, दुरुस्तीची तयारी चालू आहे. मग, तपासणी चालू आहे. मग, दुरुस्ती जमली नाही. मग आपोआप बंद, आपोआप चालू, आणि पुन्हा तयारी. आमच्या धंद्यात हे दुखणं रोजचं. मी दुकानातूनच ओरडलो, "मास्तर, आणा इकडे, पाहून देतो." पण मास्तरांनी नितीनला फोन लावला होता. नितीन मीटिंगमध्ये होता. म्हणाला, "बाबा, मी रविवारी अकराला फोन करतो. तोवर हात लावू नका." मास्तरांनी ते रिपीट केलं, नितीनने "हो" म्हटलं, आणि ट्रंकेतून झेंडा बाहेर निघाला.

रविवारी मास्तर दहालाच तयार. डोक्याला तेल, इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. फोनचा स्पीकर इतका मोठा की संभाषण मला खाटेवर पडल्या पडल्या ऐकू येत होतं.

"काय दिसतंय स्क्रीनवर, बाबा?"

"लिहून घे. प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर. रिपीट कर."

"कळलं, बाबा."

"रिपीट कर ना बाप्पा!"

"प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर."

"करेक्ट."

एका रविवारी रिस्टार्ट, दुसऱ्या रविवारी सेफ मोड, तिसऱ्या रविवारी आणखी काहीतरी. नितीन कधी गाडीत असायचा, कधी मॉलमध्ये. आठ-दहा मिनिटं बोलायचा आणि म्हणायचा, "पुढच्या रविवारी पाहू." मास्तरांचा एक प्रश्न मात्र नेहमी शेवटासाठी राखून ठेवलेला असायचा. "बरं, जेवला..." इथवर ते यायचे आणि तेवढ्यात फोन कटायचा. नितीन रागाने ठेवत नसे, त्याचं काम झालेलं असे इतकंच. मास्तर फोन थोडा वेळ तसाच कानाशी धरायचे आणि बंद फोनला 'करेक्ट' म्हणून खाली ठेवायचे.

एकदा नितीन वैतागून म्हणाला, "बाबा, समोर मुन्नाभाऊ आहे ना? त्याला दाखवा एकदा." मी कान टवकारले. मास्तर म्हणाले, "मुन्ना बाहेरगावी गेला आहे." मी तेव्हा माझ्या ओट्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर दाढी करत बसलो होतो. एवढ्यावरून शहाण्या माणसाने ओळखायला हवं होतं. मला फक्त अपमान वाटला.

असे चार-पाच महिने गेले. गल्लीत थट्टा सुरू झाली. चहाच्या टपरीवर कुणी विचारायचं, "मास्तर, कितनी लेट है आपकी गाडी?" मास्तर शांतपणे सांगायचे, "आउटर सिग्नलले उभी आहे. येईल." हे ठीक होतं. पण माझी गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, "काऊन रे मुन्ना, समोरचाच नाही सुधरत का तुझ्याच्यानं?" हे मात्र मला झोंबलं. माणसाच्या हातातली कला हा एक रोगच असतो.

पुढे मास्तर एका तेरवीसाठी दोन दिवस सौंदडला गेले. तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. मी तुळशीला पाणी घातलं, झेंडा सोडला आणि डबा उघडला. हार्डडिस्कची केबल ढिली झाली होती, तिची खटकी तुटली होती. नवी केबल लावली, डिस्क तपासून घेतली, आणि यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. पाच महिन्यांचं दुखणं अर्ध्या तासात गेलं. मी इतका खूश झालो की बायकोला बोलावून दाखवलं, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून स्वतः नितीनला फोन केला.

"अरे वा! थँक्स, मुन्नाभाऊ," नितीन म्हणाला. "चला, एक टेन्शन गेलं."

मास्तर परतले. मी त्यांना खुर्चीत बसवून कॉम्प्युटर चालू करून दाखवला. त्यांनी त्या उजळलेल्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुले लाईन क्लिअर कोणी दिली?" मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक करता येत नाही.

रविवार आला. डोक्याला तेल, इस्त्रीचा शर्ट, मोजे. अकरा वाजले, बारा वाजले. एकच्या सुमाराला मास्तरांनी मोजे काढले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी साडेअकराला ते गल्ली ओलांडून माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मुन्ना, तू सुधरवला ना?"

"हो, मास्तर."

"आता बिघडवून दे."

मी हसलो. ते हसले नाहीत. "तुले येते बिघडवता," ते म्हणाले. "सारे कुडवेवाले सांगतात."

मग ते ओट्यावर बसले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "मशीन चांगली असली तं तो कायले फोन करन? त्याचं काय काम आहे माझ्याशी?"

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं लोक माझ्यावर आळ घेत आले की हा मुद्दाम बिघडवून ठेवतो. कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मुद्दाम बिघडवलेलं यंत्र हे माझं पहिलं आणि एकच. जुनी केबल भंगाराच्या डब्यातून काढली, पुसली, आणि होती तशी ढिली बसवली. पडद्यावर आलं, दुरुस्तीची तयारी चालू आहे. मास्तरांनी स्वतःच्या हाताने झेंडा बांधला आणि माझ्यासाठी चहा टाकला.

त्यांनी नितीनला फोन लावला. मी तिथेच बसलो होतो.

"परत?" नितीन म्हणाला. "बाबा, फेका तो डबा. मी नवीन लॅपटॉप पाठवतो."

मास्तर म्हणाले, "अरे, पण तू सेफ मोड..."

"नको ते सेफ मोड. किती दिवस घालवायचे त्यात?"

लॅपटॉप चार दिवसांत आला. त्याच दिवशी नितीनचा फोनही आला, पोचला का ते विचारायला. "त्यावर स्टिकर आहे बघा, बाबा. तीन वर्षांची सर्व्हिस आहे. काहीही झालं तर त्या नंबरवर फोन करा. चोवीस तास उचलतात."

मास्तरांना सवयच. त्यांनी म्हणून दाखवलं, "रिपीट करतो. काही झालं तं स्टिकरच्या नंबरवर फोन करायचा. तुले नाही."

"करेक्ट," नितीन म्हणाला.

इतक्या महिन्यांत तो शब्द त्याने न मागता पहिल्यांदाच उच्चारला होता. त्याला बहुतेक वाटलं असेल, आपण बापाची गंमत केली. मला त्याचा असा राग आला की तो समोर असता तर मी हात उगारला असता. पण मला तरी कुठे तोंड होतं? केबल मीच बदलली होती, आणि फोन करून बढाईही मीच मारली होती.

लॅपटॉप खोक्यातच राहिला. स्टिकरच्या नंबरवर मास्तरांनी एकदा फोन केला म्हणे. "पोरगी चांगली होती," मला सांगत होते. "मशीनचा नंबर एक एक आकडा रिपीट केला तिनं. कोणाची कोण, पण केला. मंग मी म्हटलं, मशीन तं चांगली आहे, मी असाच फोन केला. तं तिनं 'धन्यवाद' म्हणून ठेवून देला."

मागच्या रविवारी मी ओट्यावर स्कूटर पुसत होतो. अकरा वाजता माझा मोबाइल वाजला. नाव आलं, मास्तर. मी समोर पाहिलं. खिडकीतून ते दिसत होते, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याकडे पाठ करून, त्या लाल झेंड्यासमोर बसलेले. मधे दहा पावलांची गल्ली. मी नुसती हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेली असती.

मी फोन उचलला.

"काय दिसून राहिलं ते सांगतो," मास्तर म्हणाले. "लिहून घे. प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर."

"प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर," मी म्हणालो.

"करेक्ट. आता काय करू?"

"रिस्टार्ट करा, मास्तर."

त्यांनी केलं. काय होणार ते दोघांनाही माहीत होतं. दुरुस्ती जमली नाही असं पडद्यावर येईपर्यंत आम्ही दोघं फोन धरून बसलो. मग मी म्हणालो, "पुढच्या रविवारी सेफ मोड पाहू." काम झालं होतं, आणि माझा अंगठा आपसूक फोन कट करायच्या बटणाकडे गेला होता. मी तो आवरला.

"बरं," मास्तर म्हणाले, आणि थोडं थांबले. "जेवला का?"

आमच्या घरात अजून कुकरही लागला नव्हता.

"जेवलो, मास्तर."

फोन कटला नाही, त्यामुळे पुढे काय बोलायचं हे त्यांना सुचत नसावं. मग त्यांनी चाचरत विचारलं, "काय भाजी होती?"

"वांग्याची," मी म्हणालो.

"रिपीट कर," मास्तर म्हणाले.