कुठपर्यंत आलात?

टिपणीसकाका फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नाहीत. 'कुठपर्यंत आलात?' असं विचारतात. फोन कोणाचाही असो, रक्ताचा रिपोर्ट तयार झाला म्हणून सांगणाऱ्या लॅबवाल्याचा असो नाहीतर गॅसवाल्याचा, प्रश्न तोच. मराठी माणसाला मराठीत, बाकीच्यांना हिंदीत. एकदा क्रेडिट कार्ड खपवणाऱ्या एका मुलीचा फोन आला होता, तेव्हा मी समोरच बसले होते. तिने गडबडून खरंच सांगितलं, की सर, मी गुडगावहून बोलतेय. काकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे, जेवणापर्यंत काही तुम्ही पोचत नाही, असं सांगून फोन ठेवला. थट्टा करत असतील म्हणून मी हसले, तर माझ्याचकडे बघायला लागले.

बँकेने बदली करून मला कोलकात्याला धाडलं त्याला तीन वर्षं झाली. नवरा नागपुरात, मुलगी पुण्यात आणि मी डमडमला, अशी आमच्या संसाराची वाटणी आहे. बँकेने घेतलेल्या फ्लॅटमध्ये मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि काका बरोबर माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. एस्प्लनेडच्या एका सरकारी कचेरीत त्यांची नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर मुंबईला परत जायचं असं सगळे ठरवतात, तसं त्यांनीही ठरवलं होतं. पण मुलगा निखिल इथेच नोकरीला लागला, काकूंना इथले मासे आणि शेजारणी सोडवेनात, आणि राहिलेच.

काकांचा मुक्काम गॅलरीत. खाली जेसोर रोड, उजवीकडे उड्डाणपूल, डावीकडे चौक, आणि दिवसभर त्या रस्त्यावर बस, ऑटो, टोटो म्हणजे इथल्या बॅटरीवरच्या रिक्षा, हातगाड्या आणि देवाच्या भरवशावर रस्ता ओलांडणारी माणसं. काका कठड्यावर हात टेकून हे बघत बसतात. त्यांचं कोपर जिथे टेकतं तिथला कठड्याचा हिरवा रंग पार उडून गेलाय. कोणती शाळा कधी सुटते, कोणत्या वारी भाजीवाले अर्धा रस्ता अडवतात, पुलाखालचा सिग्नल कधी बंद पडतो, सगळं त्यांना पाठ. मी ऑफिसातून निघाले की त्यांचा फोन येणार, कुठपर्यंत आलात? मी सांगणार, आणि ते म्हणणार, पुलावर चढू नका वैशालीताई, खालून या. मी एकदा मुद्दाम पुलावर चढले. पाऊण तास पुलावर बसून होते. घरी आल्यावर काका जिन्यात भेटले आणि एक अक्षर बोलले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला.

हे वेड त्यांना लागलं ते काकूंमुळे. काकूंचा एक नियम होता. पाहुण्याच्या पानात पोळी पडायची ती तव्यावरून थेट. आधी करून डब्यात ठेवलेली पोळी पाहुण्याला वाढणं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखंच, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे जेवायला कुणी यायचं असलं की कणीक मळून, ताटं-वाट्या मांडून त्या गॅसपाशी उभ्या आणि काका गॅलरीत. आतून हाक यायची, 'कुठपर्यंत आलेत?' काका बाहेरून सांगायचे, 'पूल उतरले.' तवा तापायचा. 'चौकात आले.' पहिली पोळी लाटायला घ्यायची. पाहुणा चपला काढून हात धुऊन पाटावर बसेपर्यंत पोळी फुगलेली. इथल्या मराठी मंडळींत काकूंच्या जेवणाचं मोठं नाव होतं, आणि अर्धं श्रेय माझं आहे, असं काका सांगतात. मला ते पटतं.

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. मी त्यांना पाहिलेलंच नाही, पण काकांच्या तोंडून इतकं ऐकलंय की त्या नुकत्याच भाजी आणायला गेल्यासारखं वाटतं. त्या गेल्यावर काका पोळ्या करायला शिकले. पोळ्या गोल येतात, मी खाल्ल्या आहेत. पाहुणे मात्र आटले. सॉल्ट लेकचे, बालीगंजचे सगळे फोनवर गोड बोलतात आणि शेवटी म्हणतात, यायचं फार मनात आहे हो काका, पण तुमच्याकडचा ट्रॅफिक! निखिलचं घर राजारहाटला. रस्ता मोकळा असेल तर पंचवीस मिनिटं, पण तोही तेच म्हणतो. ट्रॅफिक, आणि पोचलंच तर गाडी लावायला जागा नाही.

हे दुसरं मात्र खरं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये बिऱ्हाडं सोळा आणि गाडीच्या जागा पाच. त्यातली एक माझी. मी ऑफिसला जाताना तिथे दोन कुंड्या ठेवून जाते, आणि कुणी त्या हलवल्या तर मी कशी बोलते हे बिल्डिंगला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत काकांनी जरा चाचरत विचारलं होतं, दोन तास निखिलला तुमची जागा मिळेल का. मी म्हटलं, बँकेच्या नियमात बसत नाही हो काका. ते लगेच म्हणाले, नाही नाही, नियम तो नियम, आणि विषय संपला.

अशात या उन्हाळ्यात समोरच्या पलंग-कपाटांच्या दुकानाला टाळं लागलं आणि तिथे बोर्ड झळकला, की एका भल्यामोठ्या बर्गरवाल्या कंपनीची शाखा लवकरच आपल्या सेवेत! देशभर त्यांची दुकानं आहेत, कंपनीचं नाव तुम्हाला सांगायला नको. आमच्या बिल्डिंगमधली पोरंसोरं नाचायला लागली आणि काका पेटले. खाण्याला त्यांचा विरोध नव्हता. 'माणसं काय हवं ते खाऊ देत,' ते मला म्हणाले, 'पण माणूस गाडीतून उतरला की ती गाडी कुठे जाणार, एवढं मला कुणी सांगा.' पलंग-कपाटांच्या दुकानात आठवड्याला चार गिऱ्हाइकं यायची. आता दर मिनिटाला एक गाडी थांबणार, घरपोच डबे नेणाऱ्या मोटरसायकली फुटपाथवर चढणार, आणि उरलासुरला रस्ता बंद.

त्यांनी नगरपालिकेसाठी अर्ज तयार केला. सोबत स्वतः काढलेला चौकाचा नकाशा, त्यात बस लाल, ऑटो हिरव्या, टोटो निळे. घरोघरी फिरून सह्या घेतल्या. तळमजल्यावरच्या सरकार आडनावाच्या ज्या शेजाऱ्यांशी त्यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, त्यांच्याकडेही गेले. इंग्रजी मी तपासून दिलं. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी सेनबाबू शनिवारी अर्ज घेऊन जाणार होते, आणि रविवारी दुकानाचं उद्घाटन होतं.

गुरुवारी संध्याकाळी काका सेनबाबूंकडे गेले आणि अर्ज परत घेऊन आले. कारण काही सांगितलं नाही. राहू दे, एवढंच म्हणाले. सेनबाबू माझ्या दारात येऊन हिंदी-बंगालीत अर्धा तास तणतणले. कुणी म्हणालं, कंपनीने काकांना वर्षभराची फुकट कुपनं दिली. कुणी म्हणालं, वय झालं. मला कुपनांचं पटेना आणि वयाचंही पटेना. दुसऱ्याच्या मनातलं कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, हा माझा जुना रोग आहे. शुक्रवारी मी साखर मागायच्या निमित्ताने वर गेले. काकांनी वाटीभर साखर दिली आणि चक्क हवेबद्दल बोलत बसले. रस्त्याबद्दल एक शब्द नाही.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी खिडकीतून पाहिलं. दुकानासमोर फुगे, ढोल, गर्दी, आणि गाड्यांची रांग पुलापर्यंत. काकांनी म्हटलं होतं त्याच्या दुप्पट. आणि काचेपलीकडे, चार खुर्च्यांच्या टेबलाशी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून साक्षात टिपणीसकाका! मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला.

काकांनी तीन खुर्च्यांवर पिशवी, छत्री आणि वर्तमानपत्र असं ठेवून जागा धरली होती. कुणी जवळ आलं की सांगत होते, आदमी आ रहा है. समोर एक सरबताचा कागदी पेला, न प्यायलेला. मला बघून ते जरा ओशाळले. मी सरळ विचारलं, 'काका, हे काय आहे?'

ते म्हणाले, निखिलचा बुधवारी फोन आला. जुईने, म्हणजे नातीने, या दुकानाची जाहिरात पाहिली आणि हट्ट धरला. निखिल म्हणाला, बाबा, आम्ही रविवारी येतो, पण वर येणं जमायचं नाही, गाडी लावायची पंचाईत. सून गाडीत बसून राहील, तुम्हीच खाली या, अर्धा तास तिथेच भेटू.

'सात महिने झाले, वैशालीताई,' काका म्हणाले. 'माझ्यासाठी नाही येत, दुकानासाठी येतायत, कळतं मला. पण येतायत ना. मग त्याच दुकानावर मी अर्ज कसा करू?'

काकांना जास्त बोलायला सवड नव्हती, कारण त्यांची वेगळीच अडचण झाली होती. टेबलावरून रस्ता दिसत नव्हता. बाहेर जावं तर टेबल जाणार. निखिल गाडी चालवताना फोन उचलत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, आपली माणसं कुठपर्यंत आली हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि मला म्हणाले, जरा आमच्या गॅलरीत उभ्या राहाल का? पांढरी गाडी आहे. पुलाखाली आली की फोन करा, म्हणजे मी यांचं ते काय ते मागवून ठेवतो.

मी वर गेले. गॅलरीकडे जाताना स्वयंपाकघर लागतं. ओट्यावर परातीत कणीक मळलेली होती, वर ओलं फडकं. शेजारी पोळपाट-लाटणं, तुपाचं भांडं, गॅसवर तवा. आणि टेबलावर चार ताटं मांडलेली, वाट्यांसकट. एका ताटाशी छोटा स्टीलचा पेला, कडेला लहान अक्षरांत 'जुई' कोरलेला.

ते वर येणार नाहीत, हे या माणसाला बुधवारपासून माहीत होतं. तरी कणीक मळली होती.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. कठड्यावर हात टेकला तो नेमका रंग उडालेल्या जागी. खाली सरळ रेषेत काय दिसतं सांगू? आमच्या बिल्डिंगचं फाटक, आणि आत माझी गाडी, माझ्या जागेत. हे काकांना रोज दिसत होतं. आता सांगून टाकते. बँकेचा तसा काही नियमच नाही. दिवाळीत मला गाडी हलवायचा कंटाळा आला होता, बाकी काही नाही. मला माझी भयंकर लाज वाटली.

पांढरी गाडी पुलाखाली दिसली, रुतलेली, पुढे दोन बस आणि अगणित टोटो. चौकात यायला अजून दहा मिनिटं तरी होती. मी दार ओढलं, खाली पळाले, गाडी जागेतून काढली आणि सेनबाबूंना फाटकाशी उभं केलं, या जागेत फक्त निखिलची गाडी लागेल असं बजावून. ते अजून रुसलेले होते, पण मी कारण सांगितल्यावर स्वतःच कुंड्या घेऊन जागा अडवून उभे राहिले. मग मी काकांना फोन लावला.

'कुठपर्यंत आले?'

'पुलाखाली,' मी म्हटलं. 'काका, गाडी माझ्या जागेत लावायला सांगा. टेबल सोडा. खाणं बांधून घ्या आणि सगळ्यांना घेऊन वर जा. किल्ली सेनबाबूंकडे आहे.'

काकांनी विचारलं, 'आणि तुमची गाडी?'

'मी जरा एक चक्कर मारून येते.'

'आत्ता? या रस्त्यावर?' काका खरोखर घाबरले.

'ओट्यावर कणीक आहे, ती सुकेल,' मी म्हटलं.

'ती... ती अशीच मळली होती,' काका म्हणाले.

चक्कर कसली डोंबलाची! मी फाटकातून बाहेर पडले आणि दुकानासमोर जी अडकले ती अडकलेच. इंजिन बंद करून बसले. समोरून काका रस्ता ओलांडताना दिसले. एका हाताने त्यांनी अख्खी बस थोपवून धरली होती, दुसऱ्या हातात जुईचं बोट. जुईच्या हातात खाण्याची कागदी पिशवी. मागून सून येत होती, दोघींना निखिलने दुकानाशीच उतरवलं असणार. निखिलची गाडी तेवढ्यात फाटकातून आत गेली आणि सेनबाबू तिला वाट दाखवत होते. मला कुणी पाहिलं नाही, ते बरंच झालं, कारण मी रडत होते आणि मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

वीस मिनिटं गेली. मी फार तर दोन गाड्यांइतकी पुढे सरकले असेन. फोन वाजला.

'कुठपर्यंत आलात?'

'काका, दुकानासमोरच आहे अजून. तुम्ही जेवून घ्या.'

'असं कसं? तुमचं पान घेतलंय,' काका म्हणाले. 'पाचवं ताट मांडलं. जुई गॅलरीत उभी आहे, तिला तुमची लाल गाडी दिसतेय.'

मी काचेतून मान वाकडी करून वर पाहिलं. कठड्यावर हनुवटी टेकून पोरगी उभी होती, हातात अर्धा खाल्लेला बर्गर. पुढची बस हलली, मी गाडी सुरू केली, आणि फोनमधून तिचा आवाज आला. मराठी तिचं जेमतेमच आहे.

'आजोबा, मावशीचा गाडी थोडा आला.'

'बघत राहा हं,' काका तिला म्हणाले. मग मला म्हणाले, 'आता बघायला जुई आहे. मी तवा तापत ठेवतो.'