हवालदाराची चार तासांची परीक्षा

कुत्र्याला पिंजऱ्यात न कोंडता घरी एकटं सोडायचं, असं तपासनिसांनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या बायकोने एकच अट घातली. शनिवारी सकाळी नऊ ते दुपारी एक ती तिच्या दवाखान्यात (ती दातांची डॉक्टर), तपासनीस त्यांच्या कामावर आणि हवालदार घरात मोकळा. परत आल्यावर एक जरी वस्तू कुरतडलेली दिसली, तर रविवारी हवालदाराची रवानगी तिच्या भावाकडे. भावाकडे मोठं अंगण होतं आणि चावण्यासारखं काही नव्हतं. तपासनिसांनी छाती पुढे काढून अट मान्य केली आणि मग रात्रभर कूस बदलत राहिले.

हवालदार म्हणजे कुत्रा. वजन बेचाळीस किलो, आवाज खर्जातला, स्वभाव गरीब गाईचा. पण घरात एकटा राहिला की त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. आतापर्यंत त्याने सोफ्याचा एक हात, टीव्हीचा रिमोट आणि पाच जोडांतली फक्त डावी चप्पल खाल्ली होती. (उजवीला तो कधी तोंड लावत नसे. शिस्त म्हणजे शिस्त.) पिंजरा आणून पाहिला, तर आत हवालदार रडे आणि बाहेर तपासनीस. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी येऊन विनंती केली की दोघांपैकी एकाने तरी थांबावं.

मग कुत्र्यांना शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी उपाय सांगितला : मध्ये दार बंद करा, तुम्ही आत, कुत्रा बाहेर. आधी एक मिनिट, मग दोन, मग दहा. आतून बोला, हाका मारा, दार वाजवा, काहीही करा. तो दाराशी शांत पडून राहिला की बाहेर येऊन त्याला बिस्कीट द्या. तपासनीस तीन महिने रोज पाऊण तास न्हाणीघरात बसून कुत्र्याशी गप्पा मारत होते. शेवटी शेवटी तर आतून कितीही आर्जवं केली तरी हवालदार कान हलवत नसे. असा आज्ञाधारक विद्यार्थी पाहून त्यांचे डोळे भरून येत.

एवढी तयारी झाल्यावर त्यांनी निमूटपणे कामावर जायला हवं होतं. पण जित्याची खोड! तपासनीस हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासत आणि बावीस वर्षांत पुढच्या दाराने कधीच आत शिरले नव्हते. पुढून गेलं की सगळं लख्ख दिसतं, खरं काय ते मागच्या दाराने गेल्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. आता प्रश्न साक्षात हवालदाराचा होता. म्हणून त्यांनी बायकोला न सांगता अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नऊ वाजता डबा घेतला, बूट वाजवत बाहेर पडले, कुलूप घातलं, फाटक आपटलं, आणि घराला वळसा घालून चोरपावलांनी मागच्या दाराने आत आले. डबा आणि मोबाइल स्वयंपाकघरात ओट्याखाली लपवला आणि पॅसेजमधल्या अडगळीच्या खोलीत शिरून दाराच्या फटीला डोळा लावला.

कुत्र्याला नाक असतं, ही बाब तपासात राहून गेली होती.

दोनच मिनिटांत हवालदार शेपूट हलवत आला. त्याने फट हुंगली, समाधानाचा सुस्कारा सोडला आणि दाराला पाठ टेकून अंग पसरलं. दार बाहेर उघडणारं. ते बेचाळीस किलोंनी घट्ट बंद झालं. आत काळोख झाला, कारण दिव्याचं बटण बाहेर होतं.

पहिला तास तपासनिसांना फार अभिमान वाटला. दुसऱ्या तासात सकाळचा तीन कप चहा आठवू लागला. त्यांनी दार हळूच ढकललं. मग जोरात ढकललं. मग हाक मारली, लाडीगोडी लावली, दरडावलं, बिस्किटाची लालूच दाखवली. बाहेर हवालदार तीन महिन्यांत शिकवलं होतं ते चोख करत होता. त्याने फक्त कूस बदलली, तीही अधिक जड बाजूवर.

असं करता करता एक वाजत आला. आता एकच वाट उरली होती, वरची झडपवजा खिडकी. तपासनीस मांडणीवर चढले. खिडकीची कडी तुटकी म्हणून बायकोने तिच्या प्रवासी बॅगेचा चामड्याचा पट्टा काढून झडप चौकटीच्या खुंटीला बांधून ठेवली होती. एका हाताने मांडणी धरलेली, दुसऱ्याने चौकट धरलेली, गाठ सोडवायला तिसरा हात कुठून आणणार? त्यांनी पट्ट्याला दात लावले. पाच मिनिटं ओढला, चघळला, गुरगुरले. पट्टा सुटला आणि त्याच क्षणी मांडणीही सुटली. तपासनीस, मांडणी, दोन जुन्या उशा आणि फरशी पुसायच्या औषधाची बाटली एकदमच खाली आली. उशा फाटल्या, औषधाचं तळं झालं, कापूस छतापर्यंत उडाला.

बाहेर हवालदार जागचा हलला नाही.

एवढ्यात पुढचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. एक वाजला होता. हवालदार स्वागताला धावला, दार मोकळं झालं आणि तपासनीस बाणासारखे मागच्या दाराने बाहेर पळाले. (परसातल्या शौचालयात थोडा वेळ गेला, तो टाळण्यासारखा नव्हता.) मग फाटक वाजवून, कपाळाचा घाम पुसत, दमलेल्या माणसाच्या चालीने ते पुढून घरात आले.

बायको अडगळीच्या खोलीच्या दारात उभी होती. एका हातात लिबलिबीत पट्टा, दुसऱ्या हातात मोबाइल. भावाला उद्याच यायला सांगते, असं ती म्हणाली आणि नंबर शोधू लागली. हवालदार मात्र तपासनिसांकडे पाहत ऐटीत बसला होता. चार तास काम फत्ते केलं, आता बिस्कीट कुठे आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्या नजरेने तपासनिसांचा धीर सुटला. लाज गेली तर जाऊ दे, पण हा मुका जीव आपल्या पापाचं ओझं घेऊन जाता कामा नये.

"अगं, फोन करू नकोस," ते म्हणाले. "ते सगळं मी..."

"थांबा." बायको पट्टा उजेडात धरून निरखत होती. मग जवळ आली. "आ करा."

"काय?"

"तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. तिने त्यांची हनुवटी धरली, डोकं दिव्याकडे वळवलं आणि पट्ट्यावरच्या खुणा वरच्या दातांना लावून पाहिल्या. त्या तंतोतंत बसल्या.

"डावीकडची कॅप माझ्याच हातची आहे," ती म्हणाली. "आणि कुत्र्याच्या केसात कापूस नाही, तुमच्या आहे."

तपासनिसांनी सगळं सांगून टाकलं, मागच्या दारापासून ते तिसऱ्या हातापर्यंत. बायको शेवटपर्यंत हसली नाही. मग तिने मोबाइल खिशात टाकला, दारापलीकडे एवढा धुमाकूळ चालू असताना जो हलला नाही त्याची आणखी काय परीक्षा घ्यायची, असं म्हणून हवालदाराच्या गळ्यात हात टाकले. तेव्हा कुठे तपासनीस भिंतीला टेकून खाली बसले.

हवालदार कायमचा राहिला. आता दर शनिवारी नऊ ते एक तो घरात मोकळा एकटा असतो आणि पॅसेजमध्ये झोपा काढतो. तपासनीस मात्र सुट्टीच्या शनिवारी बायकोबरोबर दवाखान्यात जातात आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसतात. एक वाजता बायको बाहेर आली की मदतनीस बाई तिला सांगतात, "आज अगदी शांत बसले होते हो, काही त्रास नाही दिला."