निळ्या बसचा पहिला मुक्काम

या, जरा पुढच्या बाकांवर सरकून बसा. सिस्टर, तो पंखा हलवत राहा, पण कान इकडे असू द्या. आमच्या पाइन बेथेल गावातून एक बस पॅसिफिक महासागराकडे निघाली, तिचा पहिला मुक्काम कुठे पडला, ते सांगतो. हसू आलं तर हसा. देवाच्या घरात हसायला बंदी नाही.

अ‍ॅम्ब्रोज टॅली हे आमच्या चर्चचे डीकन, म्हणजे पास्टरांचा उजवा हात, आणि निवृत्त होईपर्यंत शाळेच्या बसचे ड्रायव्हर. उभ्या अलाबामात त्यांच्याइतकी वेळेवर बस कोणी चालवली नसेल, असं गाव म्हणायचं, आणि गाव म्हणण्याआधी ते स्वतःच म्हणायचे. रेल्वे फाटक आलं की बस थांबवायची, दार उघडायचं, कान देऊन गाडीचा आवाज ऐकायचा आणि मगच पुढे जायचं, हा नियम त्यांनी रिकाम्या बसमध्येसुद्धा मोडला नाही.

त्यांची बायको वर्नेल. लग्नाच्या दिवशी तिनं एकच मागणं मागितलं होतं, पॅसिफिकच्या पाण्यात पाय बुडवायचे. दर उन्हाळ्यात अ‍ॅम्ब्रोज म्हणायचे, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की." कधी उन्हाळी वर्गाची मुलं न्यायची असत, कधी दुसरा ड्रायव्हर आजारी पडे. अखेर निवृत्त झाल्यावर त्यांनी आपलीच जुनी बस लिलावात घेतली, तिला निळा रंग दिला, आत पलंग, चूल आणि फ्रिज बसवला. वर्नेलनं अट घातली, "रोज थोडंच चालवायचं. तुझी पाठ आता पंचविशीतली नाही. दुपारचे बारा वाजले, की जिथं असू तिथं मुक्काम. आणि या गावासाठी पुन्हा थांबलास ना अ‍ॅम्ब्रोज, तर मी उतरेन, आणि पुन्हा चढणार नाही. बायबलवर हात ठेव." अ‍ॅम्ब्रोजनी हात ठेवला.

रविवारी पास्टर बून यांनी बसच्या बोनेटवर हात ठेवून असा आशीर्वाद गायला, की इंजिनसुद्धा "आमेन" म्हणेल असं वाटलं. सगळ्या मंडळीनं रडून निरोप दिला. बुधवारी पहाटे बस निघाली. "मिसिसिपीची हद्द आली की उठव," असं सांगून वर्नेल डोक्याला कर्लर लावून मागच्या पलंगावर झोपली.

अ‍ॅम्ब्रोज गुणगुणत होते. डोळ्यांपुढे महासागर होता. हात मात्र स्टिअरिंगवर होते, आणि त्या हातांना महासागर ठाऊक नव्हता. पेकनच्या मोठ्या झाडाशी हात आपसूक डावीकडे वळले. पायानं ब्रेक दाबला. दार उघडलं.

"गुड मॉर्निंग, मिस्टर अ‍ॅम्ब्रोज," दप्तर घेतलेली एक मुलगी चढता चढता म्हणाली.

"गुड मॉर्निंग. बसून घे, पाय वाटेत नकोत."

ओसरीवरून त्या मुलीच्या आजीनं हात हलवला आणि आत ओरडून सांगितलं, "अगं, डीकनना पुन्हा कामावर घेतलं वाटतं. देव पावला." पुढच्या थांब्यावर तीन भावंडं चढली. त्याच्या पुढच्या थांब्यावर एक मुलगा चढता चढता थबकला.

"मिस्टर अ‍ॅम्ब्रोज, बसमध्ये फ्रिज कशाला?"

तेव्हा कुठे डीकन भानावर आले.  पण आता करायचं काय? लेकरांना रस्त्यावर उतरवायचं? ज्या माणसानं आयुष्यात एकही मूल मागे सोडलं नाही, त्यानं? आणि पुढच्या थांब्यावर उभी असलेली मुलं ही बस बघून हात हलवायला लागली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. अगदी ठरल्या मिनिटाला. खोटं कशाला बोलू, भीतीच्या खाली कुठंतरी छाती थोडी फुगलीच.

मागे पलंगावर चौघं उड्या मारू लागले तेव्हा वर्नेल दचकून उठली. "आलं का मिसिसिपी?"

"नाही आजी," एक चिमुरडी म्हणाली, "गणिताची परीक्षा आली."

वर्नेलनं खिडकीतून बाहेर पाहिलं, मग बसच्या लांब आरशात नवऱ्याचे डोळे शोधले. डोळे सापडले नाहीत. ते रस्त्यावर चिकटले होते. "डीकन टॅली," ती म्हणाली. घरात ती त्यांना डीकन म्हणायची ती फक्त मोठ्या गुन्ह्यांसाठी. मग तिनं उसासा टाकला आणि मुलांना मिसिसिपीसाठी भाजलेली बिस्किटं वाटायला घेतली.

रेल्वे फाटकाशी डीकननी बस थांबवली, दार उघडलं, कान दिला. रेल्वेऐवजी पोलिसांचा भोंगा ऐकू आला. गाडीतून शेरीफचा माणूस उतरला, डॅरियस. लहानपणी दंगा करतो म्हणून डीकननी त्याला वर्षभर पुढच्या सीटवर बसवलं होतं. तो दाराशी आला आणि सवयीनं टोपी काढली.

"मिस्टर अ‍ॅम्ब्रोज, मुलं हरवल्याची तक्रार आहे."

"एकही हरवलेलं नाही. मोजून घे."

"ते दिसतंय. पण लुरीन पेटवेचं काय करू?"

लुरीन म्हणजे शाळेच्या बसची नवी ड्रायव्हर, चर्चमधली मोठी भाविक बाई. टायर पंक्चर झाल्यामुळे तिला उशीर झाला होता. पहिल्या थांब्यावर कोणी नाही. दुसऱ्यावर कोणी नाही. तिसऱ्या थांब्यावर गवतात एक बूट तेवढा पडलेला. तिथं तिची खात्री झाली.

"कसली खात्री?"

डॅरियसनं टोपी छातीशी धरली. "शेवटच्या दिवशी प्रभू येणार म्हणतात, तो आला, निष्पाप लेकरांना घेऊन वर गेला, आणि आपण मागे राहिलो. रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसलीय. चर्चच्या मेजवानीतून गुपचूप घरी नेलेल्या मटणाचं सांगत होती काहीतरी. सगळे गुन्हे कबूल करतेय. मला ऐकवेना."

"माझाच बूट तो," मागून एक मुलगा म्हणाला.

शाळेची घंटा वाजायच्या आत बस फाटकातून आत गेली. मग मुख्याध्यापिका, पालकांचे फोन, लुरीनला पाणी पाजणं, बूट परत करणं, यात सकाळ संपत आली. शेवटी मुख्याध्यापिका बसच्या पायरीशी आल्या. "डीकन, लुरीन अजून स्टिअरिंगला हात लावायला तयार नाही. उद्याचा एक दिवस घ्याल का? तुमच्यासारखं कोणाला जमणार?"

शेवटचं वाक्य डीकनच्या वर्मी बसलं, गोड बसलं. त्यांनी आरशात पाहिलं. वर्नेल पलंगाच्या कडेला बसली होती, कर्लर तसेच, पर्स मांडीवर, पायांत बूट.  उतरायला तयार बसलेल्या माणसाला बोलायची गरज नसते.

"मॅडम," डीकन म्हणाले, "उद्या माझी बस मिसिसिपीला जाते."

दार बंद झालं. बस निघाली, आणि आमच्या चर्चसमोर येते न येते तोच बाराचे ठोके पडले.

"ब्रेक," वर्नेल म्हणाली.

"अगं, इथं? आपलं घर दिसतंय इथून."

"बायबलवर हात कोणी ठेवला होता?"

तर महासागराच्या वाटेवरचा पहिला मुक्काम चर्चच्या अंगणात पडला. संध्याकाळी बुधवारची प्रार्थनासभा. रडून निरोप दिलेली मंडळी एकेक करून येत होती आणि निळ्या बसकडे बघून खोकत होती. डीकन मान खाली घालून शेवटच्या बाकावर बसले.

पास्टर बून उभे राहिले. आधी बोलले, मग आवाज चढला, मग शब्दांना सूर फुटला. "इस्राएलाची लेकरं वचनदत्त देशाला निघाली, तेव्हा देवानं त्यांना एका दमात नेलं का?"

"नाही पास्टर."

"मेघस्तंभ हलला की चालायचं! मेघस्तंभ थांबला की तंबू ठोकायचा! थोडं चालायचं, थोडं थांबायचं! आणि ब्रदर टॅली, देवाची योजनासुद्धा छोट्या टप्प्यांचीच होती! आणि एकही लेकरू, मी म्हणतो एकही लेकरू, वाटेत सोडायचं नाही!"

सगळं चर्च उभं राहिलं. ऑर्गन घुमला. डीकनची मान हळूहळू वर आली, आणि शेजारी पाहतात तर वर्नेल टाळ्या वाजवत होती, गाल ओले.

दुसऱ्या पहाटे चाव्या तिच्या हातात होत्या. गायकवृंदाची व्हॅन तिनंच वर्षानुवर्षं चालवलेली. "तुझ्या हातांवर माझा विश्वास नाही," ती म्हणाली. "पुढच्या सीटवर बस. पाय वाटेत नकोत."

पेकनचं झाड आलं आणि गेलं. पुढे रेल्वे फाटक आलं.  बस त्यांची नव्हती आता. वर्नेलनं बस थांबवली. दार उघडलं. बाहेर मान काढून बराच वेळ कान दिला, त्यांनी दिला असता त्याहून जरा जास्तच. मग नवऱ्याकडे न बघता गिअर टाकला.

पॅसिफिकचं पाणी एका बरणीत भरून आमच्याकडे आलं. बाप्तिस्म्याच्या हौदात ते ओतलं, तेव्हा मी तिथं होतो.

आज रात्री गुडघे टेकाल तेव्हा लुरीन पेटवेची आठवण ठेवा. बाई आता टायर रोज तपासते, मेजवानीतलं काही घरी नेत नाही, आणि रिकामा थांबा दिसला, की आधी आभाळाकडे बघते.