चारशे बाराचा कफ

लहानूकाका माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघतात. आधी मनगट. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी हात जोडून "या, बसा" म्हणालो, तर हे गृहस्थ माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरून म्हणाले, "सर, फळा बाहीनंच पुसता काय?" जव्हारच्या शाळेत मी बारा वर्षं विज्ञान शिकवतोय. डस्टर समोर असताना फळा बाहीने पुसतो, हे गुपित बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

काका मूळचे जव्हारजवळच्या वावर-वांगणीचे. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत बावीस वर्षं इस्त्री करून परत आले आणि मोखाड्याच्या रस्त्यावर, आमच्या शेजारच्या पडवीत त्यांनी टेबल मांडलं. हॉटेलात उतरणारी माणसं त्यांना खोलीच्या नंबराने ठाऊक. "दोनशे सहा लई घाबरट. कॉलर घामानं पिवळी." "पाचशे एक घड्याळवाला. डावा कफ घासून काळा." या मंडळींत मानाचं पान चारशे बाराला. हा गृहस्थ दर हिवाळ्यात यायचा, आणि एकदा त्याने शर्टाला चिठ्ठी टाचून खाली पाठवली होती : इस्त्री उत्तम, आभार. सुपरवायझरने ती मोठ्याने वाचून दाखवली. बावीस वर्षांत आभाराची तेवढी एकच चिठ्ठी. अजूनही एखादा शर्ट मनासारखा उतरला की काका तो हँगरला लावतात आणि म्हणतात, "हा चारशे बाराचा कफ झाला." माझ्या एकाही शर्टाला हा मान कधी मिळाला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका संस्थेने मला शिक्षकांसाठीचा पुरस्कार जाहीर केला. समारंभ संध्याकाळी, मोठ्या हॉटेलात, जेवणासकट. निमंत्रणाच्या तळाशी बारीक अक्षरात : 'पोशाख औपचारिक'. लग्नातला काळा सूट माझ्याकडे होता. त्यात मी मावतही होतो, फक्त श्वास घ्यायचा नाही. सोबत निळ्यावर पिवळे मोर असलेला माझा लाडका टाय. तो मी मोठ्या तोऱ्यात काकांना दाखवला. काकांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"सर, हा ऑफिसचा पन नाय, लग्नाचा पन नाय. ह्याला घरीच ठेवा."

मग आठवडाभर माझी शाळा भरली. संध्याकाळी गळ्याशी बो-टाय, तोही काळाच. लाल लावला तर बँडवाला. घड्याळ काढा. पट्ट्याचं बक्कल सोनेरी आणि अंगठी चांदीची असं चालणार नाही, धातू एकच. छातीच्या खिशात पांढरा रुमाल. "दाखवायचा येगळा, पुसायचा येगळा," हे तर मला त्यांनी दोनदा म्हणायला लावलं, कारण माझी नाकाची सवय त्यांना माहीत होती. बो ठाण्याच्या मेव्हण्याने पाठवला. राहिल्या बाहीच्या कफात बटणाऐवजी अडकवायच्या कफलिंक. दोन दिवस जव्हारचा बाजार पालथा घालून त्यांच्या सर्वांत जवळची जी वस्तू सापडली, ती म्हणजे कानातल्या कुड्या.

शेवटी काकांनी बटणांचा डबा उपडा केला. चार शिंपल्याची बटणं निवडायला अख्खा रविवार गेला. मला तर डब्यातली सगळीच सारखी दिसत होती.

"उन्हात धरून बघा," काका म्हणाले. "चार भाऊ चार रंगाचे."

जुळलेल्या चौघांच्या त्यांनी दोरा भरून पाठीला पाठ लावून दोन जोड्या केल्या. झाल्या कफलिंक.

बो मात्र त्यांच्या हातात लोंबकळत राहिला. त्यांना तो बांधता येईना. मी बघतच राहिलो.

"आमच्याकडं सपाट यायचा," ते हळूच म्हणाले. "लाँड्री तळघरात, सर. कपडे खाली यायचे, वर जायचे. अंगात घातलेला एक पन शर्ट मी बघितला नाय. तुमी चाललाय तर एवढं करा. सगळे उभे राह्यले का कसे दिसतात, ते नीट बघा आन् मला येऊन सांगा."

बो शेवटी मी मांडीवर बुटाच्या नाडीसारखा बांधायला शिकलो आणि मुंबईला गेलो.

हॉलमध्ये सगळे पाहुणे झब्बा-जाकिटात, नाहीतर साध्या शर्टात. काळा बो लावलेली फक्त वाढपी मंडळी, आणि मी. एका साहेबांनी रिकामी वाटी माझ्या हातात दिली. "मी पुरस्कारवाला" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "हो साहेब." आणि ती नेऊन ठेवली. माणूस एकदा भिडेखातर 'हो' म्हणाला की सुटका नसते. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा माझ्या डाव्या हातावर चार वाट्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका टेबलाशी वाटच बघत होते. मी ठोकून दिलं : मोठी झुंबरं, शंभरभर माणसं, सगळ्यांचे काळे बो, पांढरेशुभ्र कफ. काका डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी माझ्या पिशवीतून शर्ट काढला, टेबलावर पसरला आणि डाव्या कफाच्या कडेला बोट ठेवलं. आमटीचा गोल डाग.

"वाढत होता काय, सर?"

शर्टापुढे माझं काय चालणार! सगळं सांगून टाकलं. काका पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "म्हंजे पाव्हण्यांत बो कुनीच घातला नवता?"

"कुणीच नाही. एकटा मीच."

त्यांचा चेहरा उतरलेला मला बघवेना. "इस्त्री लावा," मी म्हणालो. "आत्ता घालतो."

डागावरच त्यांनी इस्त्री फिरवली, धुवायला कुणाला धीर होता! भर दुपारी दोन वाजता मी बो, रुमाल, बटणांच्या कफलिंक असा सगळा जामानिमा करून पडवीत उभा राहिलो. काका स्टुलावर बसले. मला वळायला लावलं. हातात पेला धरतात तसा हात वर करायला लावला. मग उठून त्यांनी माझा कफ कोटाच्या बाहीतून अर्धं बोट बाहेर ओढला आणि मागे सरून बघत राहिले. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"चारशे बारा असाच दिसत असंल," ते म्हणाले.

तेवढ्यात मोखाड्याची एस.टी. आली आणि खिडक्या-खिडक्यांतून लोक माना काढून मला बघू लागले. एरवी मी घरात पळालो असतो. पण काकांचं बघून व्हायचं होतं, म्हणून मी श्वास रोखून तसाच उभा राहिलो.